ज्याला सिंहिणींनी वाढवलं, त्याच राजाने जंगलातलं पुस्तक नाकारलं! पैठणच्या गुणाढ्याची गोष्ट

इन्स्टाग्रामवर पुस्तकांचे रील्स बघत असाल तर 'फाउंड फॅमिली' हा शब्द तुमच्या कानावर पडलाच असेल. सोप्या भाषेत सांगायचं तर रक्ताचं नातं नसलेली माणसं एकमेकांना सापडतात आणि हळूहळू एकमेकांचं घर होऊन जातात, अशा गोष्टी. हॅरी पॉटरला सख्ख्या मावशीच्या घरात जिन्याखालचं कपाट मिळतं आणि मित्राच्या आईने विणलेला स्वेटर हातात पडतो तेव्हा त्याला घर म्हणजे काय ते कळतं. हीच ती फाउंड फॅमिली.

या प्रकारातली अलीकडची गाजलेली कादंबरी म्हणजे टी. जे. क्लून या अमेरिकन लेखकाची २०२० साली आलेली 'द हाउस इन द सेरुलियन सी'. लायनस बेकर नावाचा एक चाळिशीचा, एकटा राहणारा, नियमाला धरून चालणारा सरकारी माणूस. काम काय, तर जादुई मुलांच्या अनाथाश्रमांची तपासणी करायची आणि वर अहवाल पाठवायचा. त्याला एका बेटावरच्या अनाथाश्रमात महिनाभरासाठी धाडतात. तिथे सहा मुलं असतात. त्यातला एक तर थेट सैतानाचा पोरगा! गावकरी या मुलांना घाबरतात आणि सरकारला त्यांचा संशय येतो. तपासणीला गेलेला हा माणूस शेवटी त्याच घरातला होऊन जातो.

वाचून डोळे ओले होतात आणि मग वाटतं, असलं लिहावं तर तिकडच्यांनीच.

पण थांबा. अशीच एक गोष्ट आपल्या गोदावरीच्या खोऱ्यात शेकडो वर्षांपूर्वी सांगितली गेली आहे. तिच्यात सिंहाच्या पाठीवर बसलेलं पोर आहे, नागाचा मुलगा आहे, मैत्रीपायी पिशाच्च झालेला यक्ष आहे आणि पुस्तक ऐकून रडणारी हरणं आहेत. फरक एवढाच, की या गोष्टीत स्वीकार व्हायला उशीर होतो आणि त्या उशिराची किंमत मोजावी लागते.

त्या पुस्तकाचं नाव बृहत्कथा. लिहिणाऱ्याचं नाव गुणाढ्य.

आधी जरा भूगोल

जालना जिल्ह्याच्या दक्षिणेकडून गोदावरी वाहते. अंबड, घनसावंगी, परतूर हे तालुके तिच्याच काठाला लागून आहेत. नदीच्या उलट्या अंगाने वर गेलं की पैठण लागतं, म्हणजे जुनं प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. आज पैठण छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात येतं, पण १ मे १९८१ ला जालना जिल्हा वेगळा झाला तोपर्यंत जालना, अंबड, भोकरदन आणि पैठण हे सगळे तालुके जुन्या औरंगाबाद जिल्ह्यातच होते.

जिल्ह्याच्या उत्तरेला केळणा नदीच्या काठी भोकरदन आहे. त्याचं जुनं नाव भोगवर्धन. उज्जैनकडून पैठणला येणाऱ्या जुन्या व्यापारी वाटेवरचं हे गाव. सांची आणि भरहुतच्या स्तूपांसाठी दान देणाऱ्यांच्या लेखांमध्येही या गावचे दाते सापडतात. व्यापाऱ्यांचे तांडे, भिक्खू, कारागीर सगळे याच वाटेने ये-जा करायचे. जिथे माणसं येतात-जातात तिथे गोष्टीही मुक्कामाला येतात. बृहत्कथेची गोष्ट या मुलखातली आहे.

तुम्ही ही गोष्ट ऐकली आहे, फक्त नाव माहीत नव्हतं

विक्रम आणि वेताळ आठवतात? चांदोबात वाचलेले, दूरदर्शनवर १९८५ च्या सुमारास पाहिलेले? त्या पंचवीस गोष्टी ज्या ग्रंथात येतात त्याचं नाव कथासरित्सागर. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात, राजा अनंताची राणी सूर्यवती हिच्यासाठी तो संस्कृतात लिहिला. आणि सोमदेव सुरुवातीलाच सांगून टाकतो, की हे माझ्या मनाचं नाही, गुणाढ्याच्या बृहत्कथेचा हा संक्षेप आहे.

अजून एक गंमत. आपण मराठीत नॉव्हेलला 'कादंबरी' म्हणतो. हा शब्द आला सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या 'कादंबरी' या ग्रंथावरून. आणि बाणाने त्या कथेचा सांगाडा बृहत्कथेतून घेतला असावा, असं अभ्यासक मानतात. म्हणजे आपण ज्या शब्दाने कादंबरीला कादंबरी म्हणतो, त्या शब्दाचीही वाट मागे मागे जात गुणाढ्यापाशी पोचते.

गुणाढ्याचं मूळ पुस्तक मात्र आज उपलब्ध नाही. ते कसं हरवलं, याचीच गोष्ट सोमदेवाने ग्रंथाच्या पहिल्या भागात सांगितली आहे. तर आता तीच ऐकूया.

सिंहाच्या पाठीवरचं पोर

द्वीपिकर्णी नावाचा एक राजा होता. त्याची लाडकी राणी बागेत झोपलेली असताना साप चावून गेली. राजाने दुसरं लग्न केलं नाही. मूलबाळ नव्हतं, राज्याला वारस नव्हता. एका रात्री शंकराने स्वप्नात येऊन सांगितलं, की अरण्यात तुला सिंहावर बसलेला एक मुलगा दिसेल, त्याला घरी घेऊन ये.

राजा शिकारीला गेला तेव्हा खरंच तसं दिसलं. भर उन्हात एक सिंह तळ्यावर पाणी प्यायला आला होता आणि त्याच्या पाठीवर एक लहान मूल होतं. सिंहाने मुलाला खाली उतरवलं. राजाने बाण सोडला आणि सिंहाच्या जागी एक पुरुष उभा राहिला. तो होता सात नावाचा यक्ष. त्याने एका ऋषिकन्येशी घरच्यांना न विचारता लग्न केलं होतं. तिच्या माणसांनी रागाने दोघांनाही सिंह होण्याचा शाप दिला. मुलाला जन्म देऊन ती गेली. मग या बापाने लेकराला इतर सिंहिणींच्या दुधावर वाढवलं.

आता राजाचा बाण लागला आणि त्याचा शाप सुटला. जाताना तो मुलगा राजाच्या हवाली करून गेला. सात या यक्षाने ज्याला वाहून नेलं तो सातवाहन, असं त्याचं नाव पडलं आणि पुढे तोच राजा झाला.

इतिहासकार सातवाहन नावाची व्युत्पत्ती वेगवेगळ्या प्रकारे लावतात, ते सोडून देऊ. गोष्टीत काय आहे ते बघा. प्रतिष्ठानच्या गादीवर बसलेला हा राजा दत्तक आहे. आई-बापांना त्यांच्या लग्नापायी घरच्यांनी टाकलेलं, दूध पाजणाऱ्या सिंहिणी परक्या आणि गादी देणारा बापही परका. हा राजा म्हणजे फाउंड फॅमिलीचा चालताबोलता नमुना.

हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नागाचा मुलगा

त्याच मुलखात एका ब्राह्मणाच्या घरी वत्स आणि गुल्मक असे दोन भाऊ आणि श्रुतार्था नावाची बहीण होती. आई-वडील वारले, भावांनी बहिणीला सांभाळलं. एक दिवस कळलं की श्रुतार्थेला दिवस गेले आहेत. घरात दुसरा पुरुष नाही. मग काय, दोघे भाऊ एकमेकांकडेच संशयाने बघायला लागले.

तेव्हा तिने सांगितलं, की नागराज वासुकीचा पुतण्या कीर्तिसेन याने माझ्याशी गांधर्वविवाह केला आहे. भावांना पटेना. तिने नवऱ्याचं स्मरण केलं, तो स्वतः येऊन भावांना भेटला, खरं काय ते सांगून गेला. मग मूल जन्मलं. त्याचं नाव गुणाढ्य.

पण नशीब बघा. थोड्याच दिवसांत आई गेली, दोन्ही मामाही गेले. बाप नागलोकातला. पोर एकटं पडलं. रडून झाल्यावर ते उठलं आणि शिकायला दक्षिणापथाला निघून गेलं. शिकून मोठा पंडित झालं, शिष्य मिळवले आणि परत येऊन सातवाहन राजाच्या दरबारात मंत्री झालं.

सिंहिणींच्या दुधावरचा राजा आणि नागाच्या पोटचा मंत्री. दोघंही पोरके, दोघंही 'माणसांच्या' व्याख्येत नीट न बसणारे. इथवर गोष्ट अगदी सुखाची आहे.

मोदकांनी केलेला घोटाळा

वसंत ऋतूत राजा राण्यांबरोबर तळ्यात जलक्रीडा करत होता. एकमेकांवर पाणी उडवणं चाललं होतं. एक राणी दमली आणि संस्कृतात म्हणाली, की आता मला पाण्याने मारू नका. 'मा' म्हणजे नको आणि 'उदकैः' म्हणजे पाण्याने. दोन्हींचा संधी झाला की होतं 'मोदकैः'. राजाला वाटलं, राणीला मोदक पाहिजेत. त्याने लगेच मोदकांची ताटं मागवली!

राणी हसली. पाण्यात मोदकांचं काय काम, तुम्हाला एवढा साधा संधीही कळत नाही का, म्हणाली. भोवतीची माणसंही हसली.

राजाला ते इतकं लागलं की त्याने खेळ सोडला, महालात जाऊन पडला, जेवेना की बोलेना. राज्य होतं, संपत्ती होती, पण दरबारात जी भाषा मोठी मानली जायची ती येत नव्हती आणि त्यावरून चारचौघांत हसं झालं होतं.

गुणाढ्य आणि शर्ववर्मा हे दोन मंत्री समजूत घालायला गेले. राजाने विचारलं, नीट मन लावलं तर व्याकरण शिकायला किती दिवस लागतील? गुणाढ्य म्हणाला, लोकांना बारा वर्षं लागतात, मी सहा वर्षांत शिकवीन. शर्ववर्मा म्हणाला, मी सहा महिन्यांत शिकवतो.

गुणाढ्याला राग आला. त्याने पैज लावली. तू सहा महिन्यांत शिकवलंस तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी भाषा, तिन्ही कायमच्या सोडीन. शर्ववर्मा म्हणाला, नाही जमलं तर बारा वर्षं तुझी पायताणं डोक्यावर घेऊन फिरेन.

शर्ववर्म्याने कार्तिकेयाची आराधना केली, त्याला सोपं व्याकरण मिळालं आणि राजा खरंच सहा महिन्यांत शिकला. हे व्याकरण म्हणजे कातंत्र. ते खरोखर अस्तित्वात आहे आणि बंगाल, काश्मीरपासून तिबेटपर्यंत कितीतरी शतकं शिकवलं गेलं.

राजाची अब्रू वाचली, पण गुणाढ्याची वाचा गेली. माणसं ज्या तीन भाषा बोलतात त्या तिन्ही त्याने सोडल्या होत्या. ज्याला बोलताच येत नाही त्याचं दरबारात काय काम? गुणदेव आणि नंदिदेव हे दोन शिष्य तेवढे बरोबर निघाले आणि तिघं विंध्याच्या जंगलात गेले.

पिशाच्चांची भाषा

जंगलात त्याला पिशाच्चांची बोली कानावर पडली. ऐकून ऐकून तो ती शिकला. संस्कृत नाही, प्राकृत नाही, देशीही नाही, त्यामुळे त्याचा शब्दही मोडत नव्हता. तिलाच पैशाची म्हणतात. माणसांच्या भाषांनी दार लावलं तेव्हा ज्यांना सगळे भितात त्यांच्या भाषेने त्याला आत घेतलं.

तिथे त्याला काणभूती भेटला. हा पिशाच्चांचा प्रमुख मूळचा पिशाच्च नव्हता. तो सुप्रतीक नावाचा यक्ष होता. कुबेराच्या पदरी होता. त्याचा एक मित्र होता, स्थूलशिरा नावाचा राक्षस. यक्षाने राक्षसाशी मैत्री करायची म्हणजे काय! कुबेराने त्याला शाप दिला, जा, पिशाच्च हो. एवढाच त्याचा गुन्हा, 'आपल्यातल्या' नसलेल्याशी दोस्ती केली.

या काणभूतीकडे सात महाकथा होत्या. शंकराने पार्वतीला एकांतात सांगितलेल्या, एका गणाने चोरून ऐकलेल्या, त्यापायी शाप मिळून पृथ्वीवर आलेल्या. गुणाढ्यही गेल्या जन्मीचा तसाच एक गण. आपल्या मित्राची बाजू घ्यायला गेला म्हणून त्यालाही शाप लागलेला. काणभूतीने गोष्टी सांगितल्या की तो सुटणार आणि गुणाढ्याने त्या जगात पसरवल्या की तो सुटणार.

ही सगळी मंडळी नीट बघा. दरबाराबाहेर पडलेला मुका पंडित, मैत्रीपायी पिशाच्च झालेला यक्ष आणि गुरूला न सोडणारे दोन शिष्य. क्लूनच्या बेटावरचं घर ते हेच.

सात वर्षं गुणाढ्य लिहीत राहिला. जंगलात शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहिलं. सात लाख श्लोक झाले.

"ही कसली भाषा?"

आता पुस्तक जगात जायला हवं होतं. कुणाकडे पाठवायचं? गुणाढ्याला एकच नाव सुचलं, सातवाहन राजा. शिष्य पोथी घेऊन प्रतिष्ठानला गेले.

राजाने पोथी पाहिली. सात लाख श्लोक, ठीक आहे. पण भाषा पैशाची आणि अक्षरं रक्ताची. असली नीरस भाषा कोण वाचणार, म्हणून त्याने धिक्कार केला आणि पोथी परत पाठवली.

गोष्टीतली सगळ्यात बोचणारी जागा हीच. हा तोच राजा आहे, ज्याला भाषा येत नाही म्हणून तळ्यात हसले होते. सिंहिणींच्या दुधावर वाढलेला. सहा महिन्यांत व्याकरण शिकला आणि दुसऱ्याची भाषा हलकी आहे हे ठरवायलाही शिकला. त्याला दरबारात ताठ मानेने बसता यावं म्हणून झालेल्या पैजेतच गुणाढ्याची भाषा गेली होती, हे त्याच्या ध्यानातही राहिलं नाही.

शिष्य परतले. गुणाढ्य काही बोलला नाही. नगराजवळच्या एका टेकडीवर त्याने अग्निकुंड पेटवलं. एकेक पान वाचायचं आणि आगीत टाकायचं. शिष्यांना आवडायची म्हणून नरवाहनदत्ताची एक लाख श्लोकांची कथा तेवढी त्याने बाजूला ठेवली.

ऐकायला माणूस नव्हता, पण जंगल आलं. हरणं, रानडुकरं, रेडे चरणं सोडून त्याच्याभोवती गोल करून उभे राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि एकही जनावर हलत नव्हतं.

इकडे राजा आजारी पडला. वैद्य म्हणाले, मांस सुकं मिळतंय, त्यात कस नाही. आचाऱ्यांना विचारलं, त्यांनी शिकाऱ्यांकडे बोट दाखवलं. शिकारी म्हणाले, आम्ही काय करणार? टेकडीवर एक ब्राह्मण पानं वाचून जाळतोय, सगळी जनावरं तिथे उपाशी उभी आहेत.

राजा धावत गेला. जटा वाढलेल्या त्या माणसाला त्याने ओळखलं, पाया पडला, कथा मागितली. गुणाढ्य म्हणाला, सहा लाख जळाले. एक लाख उरले आहेत, ते घे. माझे शिष्य तुला अर्थ सांगतील.

मग गुणाढ्य शापातून मोकळा होऊन निघून गेला. राजाने दोन्ही शिष्यांना मान दिला, त्यांच्याकडून ती भाषा समजून घेतली आणि ही कथा कशी जन्मली हे सांगणारा भाग स्वतः जोडला. सोमदेवाच्या ग्रंथात तो 'कथापीठ' या नावाने येतो.

हे खरंच घडलं का?

यक्ष आणि नाग सोडून देऊ, पण गुणाढ्य होता का? बृहत्कथा नावाचं पैशाचीतलं पुस्तक होतं, याबद्दल अभ्यासकांना फारशी शंका नाही. दंडी आणि बाणभट्ट या जुन्या लेखकांनी तिचा आदराने उल्लेख केला आहे. गुणाढ्याचा काळ नेमका कोणता यावर वाद आहे. पैशाची कुठली यावरही आहे. ग्रियर्सन यांनी ती वायव्येकडची मानली, तर स्टेन कोनो यांनी विंध्याच्या परिसरातली. वररुची आणि हेमचंद्र यांच्या प्राकृत व्याकरणांत तिचे नियम आहेत, म्हणजे भाषा पुस्तकात शिल्लक आहे, बोलणारे गेले.

गावावरूनही मतभेद आहेत. काश्मिरी परंपरा गुणाढ्याला पैठणचा म्हणते, तर नेपाळी परंपरा त्याला मथुरा आणि उज्जैनशी जोडते. मोठं पुस्तक म्हटलं की गावं दावा सांगणारच.

आणि वाचलेलं पुस्तक? तेही मूळ रूपात राहिलं नाही, पण त्याची नवी घरं झाली. काश्मीरात क्षेमेंद्राने बृहत्कथामंजरी लिहिली आणि सोमदेवाने कथासरित्सागर. नेपाळात बुधस्वामीच्या बृहत्कथाश्लोकसंग्रहाची हस्तलिखितं मिळाली आणि फ्रेंच अभ्यासक फेलिक्स लाकोत यांनी ती १९०८ पासून छापायला घेतली. तमिळमध्ये पेरुंगदै झाली. जैन परंपरेत संघदासाने नायक बदलून, कृष्णाच्या वडिलांना नायक करून 'वसुदेवहिंडी' लिहिली. ती आहे महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे मराठीच्या पूर्वज भाषेत. शंकराच्या तोंडची गोष्ट जैन घरात गेली, पैशाची सोडून इतर भाषांत राहिली. पोरक्या पुस्तकालाही फाउंड फॅमिली मिळते ती अशी.

भोकरदनची हस्तिदंती बाई

या मुलखात तेव्हा खरंच एवढं वैभव होतं का, असं वाटत असेल तर भोकरदनकडे बघा. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून इथे उत्खनन केलं. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी त्याचा अहवाल लिहिला. सातवाहन काळातली वस्ती उघडी पडली आणि तिच्यात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली.

गंमत अशी, की तशीच एक मूर्ती १९३८ साली इटलीतल्या पाँपे शहरात सापडली होती. पाँपे इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे मूर्ती त्याआधी तिथे पोचलेली. दोन्हींतलं साम्य पाहून पाँपेची मूर्ती भोकरदनच्याच परिसरात घडली असावी, असं काही अभ्यासकांनी मांडलं. सगळे ते मान्य करत नाहीत. पण केळणेकाठची कला समुद्रापारच्या कलेशी ताडून बघावी लागते, एवढं नक्की. अशा वाटेवर नागांच्या, यक्षांच्या आणि परक्या मुलखांच्या गोष्टी सांगितल्या गेल्या नसतील तरच नवल.

वाचलेल्या कथेत काय होतं?

नरवाहनदत्त हा वत्स देशाच्या उदयन राजाचा मुलगा. आकाशात उडणाऱ्या विद्याधरांचा तो सम्राट होणार, असं भाकीत असतं. माणसाने विद्याधरांवर राज्य करायचं, हेच अनेक विद्याधरांना पचत नाही. त्याच्या बायकोला, मदनमंचुकेला, एक विद्याधर पळवून नेतो. तिला शोधत तो आकाश-पाताळ एक करतो. सोबतीला असतात गोमुख, मरुभूती, हरिशिख, तपंतक हे वडिलांच्या मंत्र्यांचे मुलगे, बालपणापासूनचे जिवलग.

आता यातली खोच बघा. काश्मिरी कथेत मदनमंचुकेची आई एक राजकन्या आहे. नेपाळी कथेत मात्र ती गणिका आहे, म्हणजे नायिका गणिकेची मुलगी. बऱ्याच अभ्यासकांच्या मते नेपाळी रूप मुळाच्या जास्त जवळचं आहे. म्हणजे गुणाढ्याने नायिका गणिकेच्या घरातली घेतली असावी आणि पुढच्या कुणीतरी तिचं घराणं सुधारून घेतलं. स्वीकार करतानाही आपण समोरच्याला आधी धुऊन-पुसून घेतो, त्याचं हे जुनं उदाहरण.

काल हसू झालेला माणूस

क्लूनच्या कादंबरीत आणि कथापीठात एक समान माणूस आहे. हातात अधिकार असलेला आणि कोण आत, कोण बाहेर हे ठरवणारा. लायनस बेकर महिनाभर त्या मुलांमध्ये राहतो आणि मग अहवाल लिहितो. सातवाहन राजा पोथी न वाचताच अहवाल देऊन टाकतो. सगळा फरक तिथे पडतो.

आणि राजाला सरसकट खलनायकही म्हणता येत नाही. कारण तो ओळखीचा आहे. जालन्याहून, परतूरहून एखादं पोरगं पुण्याला शिकायला जातं. पहिल्याच आठवड्यात 'करायलो', 'जायलो', 'कामून' यावरून हॉस्टेलमध्ये खसखस पिकते. पोरगं गप्प होतं, ऐकून ऐकून 'शुद्ध' बोलायला शिकतं, आणि दोन वर्षांनी गावाकडून नवीन आलेल्याला तेच पहिल्यांदा टोकतं. त्याने काही वाईट मनात धरलेलं नसतं. आपल्यावर हसले होते ते विसरायचा हा सगळ्यात सोपा रस्ता असतो, एवढंच.

गुणाढ्याची गोष्ट सांगणाऱ्यांना हे माहीत होतं. म्हणून त्यांनी पोथी नाकारायला जन्मापासून महालात लोळलेला राजा आणला नाही. ज्याला परक्या सिंहिणींनी दूध पाजलं, परक्या राजाने घर दिलं आणि राणीच्या एका हसण्याने ज्याची झोप उडाली, त्याच्याच हातून नकार दिला. पोरका माणूस आपोआप दुसऱ्या पोरक्याला समजून घेतो असं नाही. त्यासाठी आपण कुठून आलो हे आठवावं लागतं.

राजाला ते आठवलं. तो टेकडी चढून गेला, पाया पडला, ज्या भाषेला नाकं मुरडली तीच शिष्यांकडून समजून घेतली. म्हणून एक लाख वाचले आणि त्यातून आपल्याला वेताळाच्या गोष्टी मिळाल्या, 'कादंबरी' हा शब्दही मिळाला. उरलेल्या सहा लाखांत काय होतं ते मात्र फक्त त्या टेकडीवरच्या जनावरांनी ऐकलं.